जपानी ठसाचित्रांतील रेशीम काढणाऱ्या आणि कापड विणणाऱ्या स्त्रिया कितपत खऱ्या?

वस्त्रविद्येच्या एका विद्यार्थिनीने प्रबंधाच्या निमित्ताने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : लाकडी ठशांवरून छापलेल्या जुन्या जपानी चित्रांत, म्हणजे उकियो-ए चित्रांत, रेशमाच्या अळ्या पाळणाऱ्या, धागा काढणाऱ्या, कापड विणणाऱ्या आणि बडवणाऱ्या अनेक स्त्रिया दिसतात. त्या खरोखरच्या कामकरी स्त्रिया आहेत, की चित्रकाराने नटवून कामाला बसवलेल्या सुंदरी आहेत? आणि वस्त्रोद्योगाच्या इतिहासाचा पुरावा म्हणून या चित्रांचा आधार घेता येईल का?

आधार घेता येईल, मात्र चित्रातले काय प्रमाण मानायचे आणि काय सोडून द्यायचे हे आधी ठरवावे लागेल. माझा स्वतःचा नियम असा आहे की चेहरा, केशरचना आणि अंगावरचे कपडे यांवर विश्वास ठेवू नये, ते शहरी फॅशनचे आणि चित्रे विकणाऱ्या प्रकाशकाच्या गरजेचे असतात. हात, हातातले अवजार आणि कामाचा क्रम यांच्याकडे मात्र फार बारकाईने पाहावे, कारण तिथे चित्रकाराला मनचे रचायला फारसा वाव नसतो. मी गेली ३० वर्षे रेशीम आणि हातमाग यांच्यातच काम करते आहे. ही चित्रे मी कलेच्या अभ्यासकाच्या नजरेने नव्हे, तर धागा हाताळणाऱ्या बाईच्या नजरेने पाहत आले आहे, आणि पुढचे सगळे त्याच नजरेने लिहिले आहे.

सुरुवात कितागावा उतामारो या चित्रकाराच्या मालिकेपासून करावी. १८व्या शतकाच्या अगदी शेवटी त्याने १२ चित्रांची एक मालिका केली, जिच्या नावाचा अर्थ साधारणपणे ‘रेशीम पाळण्या-विणण्यातील स्त्रियांचे हातकाम’ असा होतो. एदो, म्हणजे आजच्या तोक्यो, शहरातल्या त्सुरुया किएमोन या प्रकाशकाने ती काढली. प्रत्येक चित्राच्या वरच्या भागात त्या टप्प्यावर काय करायचे हे सांगणारा मजकूर आहे आणि खाली ते काम करणाऱ्या स्त्रिया आहेत. पहिल्या चित्रात कागदावरच्या अंड्यांतून नुकत्याच बाहेर आलेल्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या अळ्या पक्ष्याच्या पिसाने अलगद झाडून घेतल्या जात आहेत. हे पीस चित्रकाराच्या कल्पनेतले नाही. आपल्याकडे जालना किंवा बीड भागात रेशीम शेती करणाऱ्या एखाद्या घरी अंडीपुंज फुटल्याच्या दिवशी गेलात, तर बाल्य अळ्या हाताने उचलत नाहीत, पिसाने किंवा मऊ कुंचल्याने उतरवून घेतात हे तुम्हाला प्रत्यक्ष दिसेल. बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी त्या वयातली अळी चिरडते. एका पिसावरून कळते, की चित्रकाराने, किंवा त्याने ज्याच्याकडून हे घेतले त्याने, काम नीट पाहिलेले आहे.

तुतीचा पाला तोडणे, तो बारीक चिरणे, थाळ्यांत पसरणे, अळ्यांना जागा अपुरी पडू लागली की त्यांची विभागणी करणे, कोष गोळा करणे, पतंग बाहेर आल्यावर त्यांना अंडी घालण्यासाठी कागदावर ठेवणे, कोषांतून धागा काढणे आणि शेवटी माग, हा सगळा क्रम उतामारोच्या मालिकेतून समजून घेता येतो. मी विद्यार्थिनींना ही १२ चित्रे भिंतीवर ओळीने लावून दाखवते आणि वरचा मजकूर झाकून प्रत्येक चित्रात अळीचे वय काय असेल ते विचारते. पाल्याचे तुकडे किती बारीक आहेत यावरून अंदाज बांधता येतो, कारण लहान अळीला पाला चिरून द्यावा लागतो आणि मोठी अळी अख्खे पान खाते.

अळी कोष करण्यापूर्वी चार वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी खाणे थांबवून निश्चल पडून राहते. या चार झोपांना जपानी शेतकरी क्रमाने सिंहाची, ससाण्याची, होडीची आणि अंगणाची विश्रांती म्हणत. ही नावे एका दंतकथेतून आली आहेत आणि ती कथा आपल्या वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण तिची नायिका हिंदुस्थानातली आहे. तेन्जिकू, म्हणजे भारतवर्ष, येथल्या एका राजाच्या सोनेरी कन्येला सावत्र आईने चार वेळा मारण्याचा घाट घातला. एकदा तिला सिंहांच्या डोंगरात सोडले, एकदा ससाण्यांच्या डोंगरात, एकदा समुद्रातल्या बेटावर, आणि एकदा राजवाड्याच्या अंगणात जिवंत पुरले. प्रत्येक वेळी ती वाचली. अखेरीस बापाने तिला तुतीच्या लाकडाच्या पोकळ होडीत बसवून समुद्रात सोडले आणि ती जपानच्या हिताची प्रांताच्या किनाऱ्याला लागली. तिथे एका कोळी दांपत्याने तिचा सांभाळ केला, आणि तिच्या मृत्यूनंतर तिच्या देहातून रेशमाच्या अळ्या झाल्या. त्सुकुबा परिसरात रेशमाच्या या देवतेचे देऊळ आजही आहे. रेशीम प्रत्यक्षात जपानला चीन आणि कोरियाच्या वाटेने पोहोचले, तरी राबणाऱ्या स्त्रियांनी आपल्या कामाच्या चार टप्प्यांना एका परदेशी राजकन्येच्या चार संकटांची आठवण जोडून ठेवली.

आता या मालिकेत खोटे काय आहे ते पाहू. चौथ्या झोपेनंतरची अळी आपल्या आयुष्यातल्या एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला शेवटच्या आठवडाभरात खाते. त्या दिवसांत घरातल्या बाईला झोप मिळत नाही. रात्री-अपरात्री उठून पाला टाकावा लागतो, विष्ठा काढून थाळ्या कोरड्या ठेवाव्या लागतात, आणि हवा दमट झाली की रोगाच्या भीतीने जीव टांगणीला लागतो. उतामारोच्या स्त्रिया मात्र सगळ्या टप्प्यांवर सारख्याच ताज्यातवान्या आहेत, त्यांच्या केसांची बट हललेली नाही, आणि त्यांच्या किमोनोवरची नक्षी खेड्यातल्या शेतकरणीच्या अंगावर कधी दिसली नसती. त्या काळात रेशीम होत होते ते कोझुके, शिनानो, फुकुशिमा अशा डोंगराळ भागांत, आणि उतामारोने ज्यांना डोळ्यांसमोर ठेवून या आकृती काढल्या त्या एदो शहरातल्या सुंदरी होत्या. चित्र विकत घेणाऱ्याला सुंदर स्त्रीचे चित्र हवे होते आणि रेशमाची माहिती हे त्याचे सभ्य निमित्त होते, असेही म्हणता येईल. मी एवढ्यावर थांबत नाही, कारण निमित्त म्हणून का होईना, छापली गेलेली माहिती बरोबर आहे. पतंगांच्या बाबतीत मात्र सावध राहा. रेशमाचा पाळीव पतंग पंख फडफडवतो, पण उडू शकत नाही. त्यामुळे या विषयावरच्या एखाद्या चित्रात तो फुलपाखरासारखा हवेत दिसला, तर तेवढ्या जागी चित्रकाराने डोळ्यांपेक्षा सवयीवर भिस्त ठेवली आहे असे समजावे.

प्रबंध लिहिताना एक चूक हमखास होते, म्हणून हा मुद्दा सविस्तर सांगते. एखाद्या चित्रात जे दिसते ते त्या चित्राच्या काळात तसेच चालत होते, असे आपण गृहीत धरतो. पण ही चित्रे बहुधा आधीच्या चित्रांवरून केलेली असतात. उतामारोच्या आधी कात्सुकावा शुन्शो आणि किताओ शिगेमासा या दोघांनी मिळून याच विषयावर मालिका केली होती आणि उतामारोने तिचा उघड आधार घेतला. त्यांच्याही मागे चीनमधली परंपरा आहे. १२व्या शतकात लोउ शू नावाच्या एका चिनी अधिकाऱ्याने शेतीची २१ आणि रेशमाची २४ अशी ४५ चित्रे काव्यासह तयार करून सम्राटाला सादर केली होती. त्यांच्या नकलांच्या नकला होत ती जपानला पोहोचली, आणि १६७६ साली क्योतोमध्ये कानो घराण्यातील चित्रकार एइनो याने त्यांची छापील आवृत्ती काढली. या चिनी चित्रांमागे पुरुषाने नांगरावे आणि स्त्रीने विणावे, म्हणजे राज्य सुरळीत चालते, असा नीतीचा विचार होता. उतामारोच्या मालिकेत पुरुष का नाही याचे उत्तर निदान अंशतः इथे आहे. पाल्याचे ओझे वाहणारे, खोल्या ऊबदार ठेवणारे, कोषांचा सौदा करणारे पुरुष प्रत्यक्षात होतेच. तेव्हा केवळ चित्रावरून ‘जपानमध्ये रेशीम हे पूर्णपणे स्त्रियांचे काम होते’ असे वाक्य लिहू नका. बहुतांश होते, आणि त्याला चित्राबाहेरचा पुरावाही आहे. कोझुके म्हणजे आजच्या गुन्मा प्रांतात ‘काका-देन्का’, म्हणजे बायकोचे राज्य, हा शब्दप्रयोग रूढ आहे. घरात रोख पैसा बाईच्या रेशमातून येत असे, म्हणून तिथल्या बाईचा शब्द चाले, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

सगळीच चित्रे अशी क्रमवार माहिती देणारी नाहीत. सुझुकी हारुनोबु या चित्रकाराने १७६६ च्या सुमारास घरातल्या आठ दृश्यांची एक मालिका केली. चीनमधल्या प्रसिद्ध आठ निसर्गदृश्यांना घरगुती वस्तूंमध्ये शोधायचे, असा तो खेळ होता. त्यातल्या ‘संध्याकाळचा बर्फ’ या दृश्यासाठी त्याने डोंगर काढला नाही. त्याने घरात बसून काळ्या रोगणाच्या, घड्यासारख्या फुगीर साच्यावर पांढरे रेशमी तंतू ताणून बसवण्याचे काम दाखवले, आणि काळ्या साच्यावरची ती पांढरी पातळ झिलई म्हणजे डोंगरावरचा बर्फ. साहित्यप्रेमी लोक यातल्या कल्पकतेचे कौतुक करतात आणि ते रास्तच आहे, परंतु माझे लक्ष त्या साच्याकडे जाते. दोन अळ्यांनी मिळून केलेले, भोक पडलेले किंवा डागाळलेले कोष एकसारखा बारीक धागा काढायला चालत नाहीत. ते उकळून, मऊ करून, हातांनी ओढून त्यांचा रेशमी कापूस करतात, जो थंडीच्या कपड्यांत अस्तरासारखा घालता येतो किंवा कातता येतो. म्हणजे या चित्रात वाया जाणाऱ्या मालाचा उपयोग करणारी बाई आहे. काम सोपे दिसते, पण ओले रेशमी तंतू सगळीकडे सारख्या जाडीने ताणणे किती अवघड आहे हे मी स्वतः करून पाहिले आहे. ते मध्ये फाटतात आणि कडेला गोळा होतात. एकसारख्या पातळ थरासाठी दोन्ही हातांची ओढ अगदी सारखी लागते, आणि हारुनोबुने हे कवितेच्या निमित्ताने काढले म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

कापड बडवणाऱ्या स्त्रियांची चित्रे तुम्हाला खूप सापडतील आणि त्यांचा अर्थ हमखास चुकवला जातो. दोघीजणी समोरासमोर बसून लाकडी मोगरीने गुंडाळलेले कापड ठोकत आहेत, वर शरदातला चंद्र आहे, असे दृश्य दिसले की त्या कपडे धूत आहेत असे बहुतेक जण म्हणतात. त्या धूत नाहीत. जपानीत या ठोकण्याला आणि त्याच्या ठोकळ्याला किनुता म्हणतात, आणि आपल्याकडे ज्याला कुंदी करणे म्हणतात तेच हे काम आहे. धुऊन झालेल्या कापडाचा कडकपणा मोडावा, धागे चपटे होऊन पोत मिटावा आणि त्यावर चमक यावी म्हणून ते ठोकले जाते. आपल्याकडे कुंदीगर हा स्वतंत्र कारागीर असे आणि ‘कुंदी काढणे’ हा वाक्प्रचार मारहाणीसाठी उरला. जपानमध्ये हा ठोका घराघरांतल्या स्त्रियांचा होता आणि कवितेत तो दूर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायकोचा आवाज बनला. सेत्त्सु प्रांतातली तामागावा नदी या ठोक्यासाठी काव्यात प्रसिद्ध होती. जपानच्या सहा वेगवेगळ्या प्रांतांत तामागावा नावाच्या सहा नद्या आहेत, आणि त्या सहांची चित्रमालिका हारुनोबुने केली, पुढे हिरोशिगे या चित्रकारानेही केली.

याच सहांपैकी मुसाशी प्रांतातली तामागावा कापड उजळवण्यासाठी ओळखली जाते. तिथल्या चित्रांत स्त्रिया नदीच्या पाण्यात लांबच लांब पट्टे सोडून उभ्या असतात. या दृश्याचे मूळ ८व्या शतकातल्या मान्योशू या काव्यसंग्रहातल्या एका लोकगीतात आहे, ज्यात नदीत पसरलेल्या हातविणीच्या कापडाची सळसळ आणि एका मुलीवरचे पुन्हा पुन्हा उमलणारे प्रेम यांच्यावर श्लेष साधला आहे. गोड गीत आहे. पण आज त्या नदीकाठी असलेल्या, तोक्योच्या पश्चिमेकडील उपनगराचे नाव चोफू आहे, आणि त्या नावातली अक्षरे ‘कर म्हणून द्यायचे कापड’ या अर्थाची आहेत. म्हणजे त्या स्त्रिया सरकारी कराचा भरणा करत होत्या. चित्रकाराने घेतली ती प्रीतीची बाजू, आणि कराची बाजू गावाच्या नावात राहिली. अशा ठिकाणी चित्राबरोबर गावाचे नाव, कवितेतला शब्द आणि जमिनीचा इतिहासही वाचावा लागतो.

मागाबद्दल थोडे तांत्रिक सांगते, कारण चित्राचा काळ आणि ठिकाण ठरवायला माग फार उपयोगी पडतो. जुन्या जपानी घरांत जमिनीलगतचा माग असे. विणणारी बाई पाय पुढे पसरून बसते, ताण्याचे एक टोक पट्ट्याने तिच्या कमरेला बांधलेले असते, आणि ती मागे-पुढे झुकून ताण सांभाळते. एका पायाच्या अंगठ्याला किंवा टाचेला अडकवलेली दोरी ओढून ती धागे उचलते. यात बाईचे शरीर हाच मागाचा एक खांब असतो. दुसरा प्रकार उंच मागाचा, ज्यात बाकावर बसून खाली पायाने दांड्या दाबायच्या असतात. आपल्या येवल्या-पैठणच्या खड्डा मागावर पाय खड्ड्यात सोडतात, त्या जागी तिथे बसणाऱ्यालाच वर उचलले आहे असे समजा. उंच मागावर काम वेगाने होते आणि १९व्या शतकात तो किर्यू, ओवारी अशा भागांत पसरला. ओवारीतील एका विणकामशाळेचे त्या काळचे चित्र जपानमध्ये शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांतही वारंवार छापले जाते. त्यात एकाच छपराखाली अनेक मागांवर स्त्रिया विणत आहेत, कोणी सूत गुंडाळते आहे, कोणी पुढची तयारी करते आहे. कारखान्याचे यंत्र येण्याच्या आधीच मजुरीवर राबणाऱ्या स्त्रियांची विभागलेली कामे कशी होती, हे त्या एका चित्रात स्पष्ट दिसते. क्योतोच्या निशिजिन भागात मात्र भारी कापडाच्या उंच मागांवर प्रामुख्याने पुरुष बसत, हे विसरू नका. दोरी ओढली की आपोआप पळणारा धोटा आणि नक्षीची पत्ती लावलेला जकार्ड माग जपानमध्ये आला तो १८७२ साली निशिजिनच्या तीन कारागिरांना फ्रान्समधील ल्यों येथे पाठवल्यानंतर. तेव्हा अशी सोय एखाद्या चित्रात दिसली, तर ते चित्र त्यानंतरचे.

चित्रांत न दिसणाऱ्या स्त्रियांचाही विचार करायला हवा. हिरोशिगेच्या, एदोहून क्योतोला जाणाऱ्या तोकाइदो मार्गाच्या प्रसिद्ध मालिकेत नारुमी या मुक्कामाचे चित्र आहे. त्यात रस्त्याकडेची आरिमात्सु गावची कापडाची दुकाने आहेत, दर्शनी भागात रंगीत बांधणी टांगलेली आहे, आणि समोरून प्रवासी जात आहेत. आरिमात्सुची बांधणी १७व्या शतकाच्या सुरुवातीपासून प्रसिद्ध आहे. तिच्या हजारो गाठी आसपासच्या घराघरांत बसून स्त्रियांनी बांधलेल्या असत, आपल्याकडे कच्छ-सौराष्ट्रात बांधतात तशाच. चित्रात त्यांच्यापैकी एकही नाही. त्याच हिरोशिगेचे १८५७ सालचे, एदोच्या कांदा भागातील रंगाऱ्यांच्या आळीचे चित्र घ्या. उंच बांबूंवरून निळ्या-पांढऱ्या कापडांचे लांब पट्टे लोंबत आहेत, दूरवर फुजी पर्वत आहे, पट्ट्यांवर चित्रकाराच्या आणि प्रकाशकाच्या नावाची अक्षरे नक्षीसारखी गुंफली आहेत, आणि सगळ्या चित्रात माणूसच नाही. निळीचे रंगकाम पुरुषांचे होते, पण ते कापड विणून पाठवणारे हात खेड्यांतल्या स्त्रियांचे होते. मला हे चित्र फार आवडते, आणि त्यात कोणी नाही ही गोष्ट दर वेळी टोचते.

१८५९ साली योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले आणि कच्चे रेशीम ही जपानची सर्वांत मोठी निर्यात बनली. मग सरकारने १८७२ साली गुन्मातील तोमिओका येथे पॉल ब्रुना या फ्रेंच तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वाफेवर चालणारी गिरणी काढली. धागा काढण्याचे दालन सुमारे १४० मीटर लांब होते आणि त्यात गरम पाण्यात कोष ठेवून धागा ओढायची ३०० पात्रे होती. दुसरा कुनितेरु या चित्रकाराने या दालनाचे तीन पानी चित्र केले. लांबच लांब विटांची इमारत, काचेच्या खिडक्या, आणि ओळीने बसलेल्या मुली. उतामारोच्या चित्रात दोन-तीन स्त्रिया एकमेकींकडे पाहत काम करतात, तर इथे सगळ्या जणी आपापल्या पात्राकडे पाहतात. स्त्रीचा चेहरा विकण्याऐवजी इथे यंत्राची शिस्त विकायची आहे, आणि मुलींची संख्या हेच चित्राचे सौंदर्य ठरले आहे.

हे चित्र एका आठवणींच्या वहीशेजारी ठेवून वाचावे. शिनानो प्रांतातील मात्सुशिरोहून १८७३ साली तोमिओकाला गेलेल्या वादा एइ या मुलीने पुढे वयस्क झाल्यावर तिथल्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या. गिरणी सुरू होताना मुली मिळत नव्हत्या, कारण परदेशी लोक तरुण मुलींचे रक्त पितात अशी अफवा होती. ते लाल मद्य पीत, त्यावरून ती उठली असे सांगतात. एइ आणि तिच्या बरोबरीच्या मुलींना आधी कोष निवडण्याच्या कंटाळवाण्या कामावर बसवले गेले. नंतर आलेल्या यामागुचीच्या मुलींना मात्र थेट धागा काढायला बसवले, तेव्हा या मुली रडल्या आणि त्यांनी दाद मागितली. कोणती मुलगी कोणत्या पात्रावर, कोणाचा धागा पहिल्या प्रतीचा, कोणाला बढती, यावरून त्या दालनात केवढी चुरस होती हे वाचताना कळते. कुनितेरुच्या चित्रातल्या सारख्याच दिसणाऱ्या मुली मग वेगवेगळ्या दिसू लागतात. तोमिओकात सुरुवातीला रोज सरासरी पावणेआठ तास काम आणि रविवारी सुट्टी होती. पुढे खासगी गिरण्यांत ही परिस्थिती राहिली नाही, आणि १८८६ साली कोफू शहरातल्या एका रेशीम गिरणीतील शंभराहून अधिक स्त्रियांनी वाढवलेले तास आणि कापलेली मजुरी यांच्याविरुद्ध संप केला. जपानमधला कारखान्यातील पहिला संप म्हणून तो ओळखला जातो. त्याच सुमाराची, १८८७ सालची आदाची गिन्कोची चित्रे पाहाल तर त्यांत उंची पाश्चात्त्य पोशाखातल्या स्त्रिया शिवणयंत्राभोवती जमलेल्या दिसतात. ठसाचित्र घेणाऱ्याला प्रगती पाहायची होती, आणि प्रगती कोणाच्या तासांवर उभी आहे हे दाखवणारे चित्र त्या बाजारात खपणारे नव्हते.

सुती गिरण्यांचा विषय तुमच्या प्रबंधात येणार असेल, तर मुंबईचा धागा जरूर जोडा. ओसाकात १८८३ साली १०,५०० चात्यांची वाफेवरची सूतगिरणी सुरू झाली आणि तिच्यामागोमाग इतर निघाल्या. त्यांना लागणारा कापूस मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून जाऊ लागला आणि १८९३ साली एका जपानी कंपनीने टाटांच्या सहकार्याने कोबे ते मुंबई अशी नियमित आगबोट सुरू केली. विदर्भ-खानदेशातल्या गाठींचे सूत ओसाकाच्या मुली रात्रपाळीत कातत होत्या, ही गोष्ट कोणत्याही ठसाचित्रात नसली तरी आपल्याला ठाऊक असायला हवी.

शेवटी, मूळ चित्र किंवा त्याची चांगली मोठी प्रतिमा हाताशी असेल तर रंग आणि कागद पाहायला विसरू नका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने मोठ्या आकाराच्या प्रतिमा उपलब्ध करून दिल्या आहेत, आणि तोक्यो कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संग्रहालयात केवळ रेशीम-विषयक ठसाचित्रांचा मोठा संग्रह आहे. उतामारोच्या काळातला निळा रंग बऱ्याचदा एका रानफुलाचा असे आणि तो आता पिवळट-तपकिरी होऊन गेलेला दिसतो. हेच फूल जपानी रंगारी कापडावर नक्षीची कच्ची रेघ काढायला वापरतात, कारण पाणी लागताच ती रेघ निघून जाते. तांबडा रंग करडईच्या फुलांचा, आपण तेलासाठी पेरतो त्याच करडईचा, आणि तोच किमोनो रंगवायलाही वापरला जाई. म्हणजे चित्रातल्या बाईचा लाल किमोनो आणि खऱ्या बाईचा लाल किमोनो एकाच शेतातल्या फुलांचा असू शकतो. १८६० नंतरच्या चित्रांतला भडक लाल मात्र आयात केलेल्या रासायनिक रंगाचा आहे आणि तो ओळखायला नजर लगेच तयार होते.

आणखी एक गोष्ट केवळ प्रत्यक्ष चित्रातच दिसते. काही चित्रांत पांढऱ्या किंवा फिक्या कापडाचा भाग छापताना ठशाला खऱ्या कापडाचा तुकडा चिकटवून तो ओल्या कागदावर दाबत, त्यामुळे कागदावर ताणा-बाणा उमटे. जपानीत या रीतीच्या नावाचा अर्थ ‘कापडाच्या पोताची छपाई’ असाच आहे. समोरून प्रकाश असला तर काहीच दिसत नाही. संग्रहालयातल्या माणसाला विनंती करून दिवा बाजूने, अगदी कागदाच्या पातळीवर आणायला सांगा, भिंग घ्या, आणि एका सेंटिमीटरमध्ये उभे किती आणि आडवे किती धागे आहेत ते मोजा. मी पहिल्यांदा मोजले तेव्हा बाण्यात एका जागी दोन धागे एकत्र आलेले होते, विणताना पायाचा ठेका चुकला की येतात तसे. प्रबंधाच्या परिशिष्टात अशा मोजणीचा एक तक्ता जरूर ठेवा आणि त्यात विणीतल्या चुकांसाठी वेगळा रकाना करा.